आरोग्याच्या गावात आजारी माणसाला खोली मिळावी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात नवीन महाबळेश्वर प्रकल्पावर, म्हणजे आपल्या डोंगरात नवं थंड हवेचं ठिकाण वसवायचं घाटतंय त्यावर, वाचकांची पत्रं आली होती, ती सगळी वाचली. कुणाला रस्ता पाहिजे, कुणाला नको, कुणी रोपवेचं लिहिलंय, कुणी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठाला वेलनेस सेंटर काढा म्हणतंय. वेलनेस हा शब्द मी पेन घेऊन मोजला, सात वेळा आलाय. आजारी माणूस एकदाही आला नाही. त्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसलोय. मोबाईलवर टाइप करतोय, शुद्धलेखन तुम्ही बघून घ्या, आणि लांबलं तरी शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

मी एसटीत वाहक होतो, 1981 ला लागलो, सातारा डेपो. नोकरीतली निम्म्याच्या वर वर्षं दोनच रूटला गेली, एक सातारा-मेढा-केळघर-महाबळेश्वर आणि दुसरा वाईवरून पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर. गाव आमचं जावळी तालुक्यात, केळघरच्या वरच्या अंगाला. त्यामुळे लोक सुट्टी काढून जिथं जातात तिथं मी रोज ड्युटीला जायचो, आणि माझ्यासाठी तो आमच्या घरामागचा डोंगर होता, बाकी काही नाही.

आता मुद्द्याकडे यायला जरा लांबून यावं लागतंय, थेट इटलीवरून. आमचा मुलगा तिकडं ब्रेशा नावाच्या शहरात फॅक्टरीत कामाला आहे. मागच्या वर्षी त्याच्याकडे आम्ही नवरा-बायको दोन महिने जाऊन आलो. आमच्या मंडळींचे गुडघे गेली आठ-दहा वर्षं धरलेत, पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावून उतरते. सूनबाई म्हणाली, आई, इथून तास-दीड तासावर गरम पाण्याच्या झऱ्याचं गाव आहे, इथले म्हातारे लोक तिथं जातात, तुम्ही पण चला. सिरमिओने त्या गावाचं नाव. बसनं गेलो. बसमध्ये एक सरदारजी भेटले, ब्रेशाच्या आसपास गाईंचे मोठे गोठे आहेत तिथं पंजाबातली बरीच माणसं कामाला आहेत, त्यातलेच ते, पंधरा दिवसांनी घराबाहेरच्या माणसाशी हिंदीत बोलायला मिळालं म्हणून मला इतकं बरं वाटलं की उतरताना मी त्यांना सवयीनं हात करून पुढच्या दारानं उतरा म्हणालो.

तिथं गार्दा नावाचा तलाव आहे, त्यांच्या देशातला सगळ्यात मोठा, 370 चौरस किलोमीटर, म्हणजे आपला कोयनेचा शिवसागर तीनदा मावून थोडी जागा उरेल. खोली 346 मीटर. कोयना धरण 103 मीटर उंच, अशी तीन धरणं एकावर एक उभी केली तरी वरचं टोक पाण्याखालीच राहील. दक्षिणेच्या बाजूनं जमिनीची एक चिंचोळी पट्टी या तलावात लांबवर घुसलीय आणि तिच्या टोकाला हे गाव. आत शिरतानाच पाण्यात उभा असलेला जुना किल्ला लागतो, पुलावरून आत जायचं, मला आपला जंजिरा आठवला. किल्ला ओलांडून किनाऱ्यानं चालायला लागलो तर वाऱ्याबरोबर एक वास यायला लागला, सूनबाई म्हणाली अंडं सडल्यासारखा येतोय, आमची मंडळी माळकरी, तिला अंड्याचं काय माहीत, ती म्हणाली दिवाळीत सकाळी अंगणात येतो तसा वास आहे गं. गंधकाचा वास तो.

त्या झऱ्याची गोष्ट मला फार आवडली म्हणून सांगतो. किनाऱ्यापासून थोडं आत, तलावाच्या तळाशी, साधारण 20 मीटर पाण्याखाली हा झरा आहे, बोइओला म्हणतात त्याला. वर बुडबुडे येतात हे लोकांना पूर्वीपासून ठाऊक होतं पण पाणी हाती येत नव्हतं. 1889 ला प्रोकोपिओ नावाचा एक पाणबुड्या खाली उतरला, त्यानं तळाच्या खडकात पाईप बसवला, तेव्हा ते पाणी हाती लागलं. 69 डिग्री गरम. त्यात गंधक, मीठ, ब्रोमीन, आयोडीन. आणि हे पाणी येतं कुठून तर तलावाच्या बाजूच्या बाल्दो डोंगरावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो, दोन हजार मीटरपेक्षा खोल जातो, तिथं तापतो, खडकातले क्षार घेतो आणि तलावाच्या तळातून वर येतो, आणि या सगळ्या प्रवासाला त्याला जवळजवळ 20 वर्षं लागतात. मुलानं माहितीपत्रक वाचून दाखवलं तेव्हा मी मनात हिशोब केला, आज माझ्या हातावर पडलेलं पाणी ज्या पावसाळ्यात डोंगरावर पडलं त्या पावसाळ्यात मी पसरणी घाटात धुक्यात गाडीच्या पुढं चालत ड्रायव्हरला रस्ता दाखवत होतो. एवढा काळ ते पाणी जमिनीच्या पोटात होतं. मला त्या पाण्याला हात जोडावेसे वाटले आणि मी जोडले, कुणी बघितलं असेल तर बघितलं.

पाण्यात जायच्या आधी डॉक्टरनं आमच्या मंडळींना तपासलं. बीपीची गोळी कोणती, सकाळी घेतली का, हार्टचा त्रास आहे का, चक्कर येते का, सगळं मुलानं तिकडच्या भाषेत सांगितलं. मग किती मिनिटं बसायचं ते लिहून दिलं, त्याच्या वर नाही. आम्ही परदेशी असल्यामुळे पूर्ण पैसे भरले, ते कमी नव्हते. गुडघ्यांचं खरं सांगायचं तर दोन-तीन दिवस हलकं वाटलं आणि मग होते तसे झाले, डॉक्टर पण आधीच म्हणाले होते की आराम पडेल, झीज भरून येणार नाही. त्यामुळे गरम पाण्यानं आजार पळतो असलं काही मी या पत्रात म्हणणार नाही. मला सांगायचंय ते दुसरंच आहे.

आमची मंडळी आत असताना मी आणि मुलगा बाहेर बसलो होतो. शेजारच्या हॉलमध्ये काचेतून दिसत होतं, खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीसमोर एक मशीन, त्याच्या नळीतून झऱ्याच्या पाण्याची वाफ येते आणि माणसं गळ्याला पांढरा कपडा बांधून तोंडानं नाकानं ती वाफ ओढत बसलेली. आपल्याकडे दवाखान्यात नेब्युलायझर लावतात तसंच म्हणा. आवाज काही नाही, नुसता फुस्स फुस्स. त्यातला एक म्हातारा बाहेर येऊन आमच्या बाकावर बसला, हात बघितले तर भाजल्याचे जुने डाग. मुलानं बोलायला सुरुवात केली तर कळलं, हा माणूस आयुष्यभर ओतकामाच्या कारखान्यात भट्टीवर होता, ब्रेशाच्या आसपास असले कारखाने पुष्कळ. धुरानं छाती गेली. त्याच्या डॉक्टरनं चिठ्ठी लिहून दिलीय, वर्षातून एकदा 12 दिवसांचा कोर्स, पैसे सरकारी आरोग्य योजनेतून, त्यानं फक्त थोडी फी भरायची. दरवर्षी येतो म्हणाला. त्यानं खिशातून ती चिठ्ठी काढून दाखवली, चार घड्या घातलेली, घडीवर फाटायला आलेली.

साहेब, ती चिठ्ठी बघितली आणि मला माझे वडील आठवले. त्यापुढं मला त्या दिवशी काही दिसलं नाही.

आमचे आबा मुंबईला गिरणीत होते. जावळीतल्या, पाटणातल्या कुठल्याही घरात विचारा, कुणी ना कुणी गिरणीत नाहीतर माथाडीत. आबा कार्डिंगला, म्हणजे जिथं कापूस पिंजून साफ होतो, सगळ्यात जास्त धूळ तिथंच. 26 वर्षं ती धूळ खाल्ली. त्यांची एक गोष्ट आम्हाला लहानपणी कोड्यासारखी वाटायची, ते म्हणायचे रविवारी सुट्टीत छाती मोकळी होती आणि सोमवारी पाळीवर गेलं की गच्च धरती. आम्हाला वाटायचं कामावर जायचा कंटाळा. पुढं एका डॉक्टरांनी समजावलं की कापसाच्या धुळीनं होणारा बिसिनोसिस नावाचा आजार आहे आणि सोमवारी छाती भरणं हीच त्याची खूण, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी त्रास होतो, मग हळूहळू रोजचाच होऊन बसतो. 1982 चा संप झाला, गिरणी परत सुरू झाली नाही आणि आबा ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचे. चुलीजवळ बसता येत नव्हतं, पावसाळ्यात तर रात्र रात्र उशाला टेकून बसून काढायचे.

1986 च्या मार्चमध्ये साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, जावळीतली ओल यांना सोसत नाही, महिनाभर पाचगणीला ठेवा, तिथं महाबळेश्वरापेक्षा हवा कोरडी आहे. चिठ्ठी पण लिहून दिली. मी आबांना माझ्याच गाडीनं घेऊन गेलो, माझ्या मागच्या सीटवर खिडकीला बसवलं. पाचगणीत उतरून तीन ठिकाणी खोली विचारली. पहिल्या ठिकाणी भाडं ऐकूनच मागं फिरलो, माझा महिन्याचा पगार एका आठवड्यात गेला असता. दुसऱ्या ठिकाणी सीझन सुरू होतोय म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी खोली होती, भाडं पण कसंबसं जमत होतं, मालकानं आबांचा खोकला ऐकला आणि टीबी आहे का विचारलं, मी नाही म्हणालो, डॉक्टरांचा कागद दाखवला, त्यांनी कागद हातात पण घेतला नाही. बाकीच्या गिऱ्हाईकांना त्रास होईल म्हणाले. टीबी असता तर निदान टीबीच्या दवाखान्यात खाट मिळाली असती, टीबी नव्हता म्हणून ती पण नाही. मग आम्ही स्टँडवर आलो, परतीच्या गाडीला वेळ होता, आबांनी बाकावर बसून फडकं सोडलं, भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली, सावकाश, आणि म्हणाले, हवा मातूर लय चांगली हाय रं, दोन तास तर दोन तास, गावली.

आबा 1991 ला गेले. ती डॉक्टरांची चिठ्ठी मी बरीच वर्षं तिकिटाच्या पेटीत ठेवली होती, पुढं कधी कुठं गेली आठवत नाही.

आता मला सांगा, त्या भट्टीवरच्या इटालियन म्हाताऱ्यात आणि माझ्या आबांत फरक काय. दोघांची छाती कारखान्यानं खाल्ली, दोघांच्या हातात डॉक्टरची चिठ्ठी. त्याला 12 दिवस मिळतात, आणि ते पण दरवर्षी.

कुणी म्हणेल ती टुरिस्टची गावं आहेत, तिथं आजाऱ्यांचं काय काम. साहेब, ही गावं वसलीच आजाऱ्यांसाठी. लॉडविक नावाचा इंग्रज अधिकारी 1824 ला महाबळेश्वरच्या टोकापर्यंत चढला, हवा चांगली आहे म्हणून त्यानं सरकारला लिहिलं, पुढं मुंबईचा गव्हर्नर माल्कम यानं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी बोलणं करून 1829 ला ती जागा घेतली आणि माल्कमपेठ वसवली ती सॅनिटोरियम म्हणून, आजारी पडलेले इंग्रज शिपाई आणि साहेब बरे व्हावेत म्हणून. लोक आज घोड्यावर बसतात त्या वेण्णा लेकचा तलाव 1842 ला साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधला तो बोटिंगसाठी नव्हे, पाण्यासाठी. पाचगणी पण जॉन चेसननं वसवली ती हवापालटासाठीच, आणि तिथंच डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी 1912 ला टीबीच्या पेशंटसाठी सॅनिटोरियम काढलं. त्या काळी टीबीवर औषध नव्हतं, मोकळी हवा, ऊन, दूध आणि विश्रांती हाच इलाज. मी नोकरीला लागलो तेव्हा पण असे पेशंट गाडीत असायचे, उशी आणि स्टीलचा डबा घेऊन चढायचे, त्यांना आम्ही खिडकीची सीट द्यायचो, कुणी सांगायला लागायचं नाही. पुढं गोळ्या-इंजेक्शनं आली, टीबी घरी राहून बरा व्हायला लागला आणि जगभर सॅनिटोरियमं ओस पडली, ते चांगलंच झालं. पण टीबीवाले कमी झाले म्हणून छातीचे बाकीचे आजार संपले का? दमा आहे, खडीच्या क्रशरवर काम करणाऱ्यांचा सिलिकोसिस आहे, चुलीच्या धुरानं छाती गेलेल्या बायका तर प्रत्येक वाडीत आहेत. त्यांना घाटावरची कोरडी हवा पंधरा दिवस मिळाली, वेळेवर जेवण मिळालं, श्वासाचे व्यायाम शिकवायला कुणी असलं तर ते बरे होतील असं मी म्हणत नाही, पण पुढचा पावसाळा त्यांना जरा सोपा जाईल असं मला वाटतं.

आणि आपल्याकडे फक्त हवाच आहे असं पण नाही, झरे आहेत, जुनी देवळं आहेत. सिरमिओनेला पट्टीच्या अगदी टोकाला दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन वाड्याचे अवशेष आहेत, ते पण आम्ही बघितले. केवढा तर जवळजवळ दोन हेक्टर, म्हणजे पाच एकराला जरा कमी. भिंती, कमानी, आंघोळीची मोठी खोली, मध्ये ऑलिव्हची जुनी झाडं. एका पडक्या कमानीतून खाली निळं पाणी दिसत होतं, भिंतीवर पाली ऊन खात पडल्या होत्या. लोक त्याला कातुल्लोच्या गुहा म्हणतात, कातुल्लो हा त्यांचा जुना कवी, त्यानं आपल्या कवितेत या गावाचं नाव घेतलंय. पण त्या गुहा नाहीत, कमानी पडून झाडी वाढली होती म्हणून गुहेसारखं दिसायचं, आणि तो वाडा त्या कवीचा होता याला पण पुरावा नाही, आणि हे ते स्वतःच सांगतात. मला हे फार पटलं. जे माहीत आहे तेवढं सांगायचं आणि जे आहे ते पडू द्यायचं नाही. भिंत पडकी आहे तर पडकीच ठेवलीय, वरून सिमेंट लावून गुळगुळीत केलेली नाही.

आपल्या क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री, सावित्री आणि त्यांच्याबरोबर सरस्वती आणि भागीरथी अशा सात धारा मानतात, भागीरथी 12 वर्षांनी आणि सरस्वती 60 वर्षांनी प्रकटते अशी श्रद्धा. गोमुखातून पाणी पडतं, लोक बाटल्या भरून नेतात. तिथून चालत थोडं पुढं गेलं की कृष्णाबाईचं देऊळ, तिकडं फार कमी लोक जातात. शेवाळानं हिरवे झालेले दगडी खांब, गोमुखातून पडणारी बारीक धार, खाली कुंड, आणि देवळाच्या पुढं उभं राहिलं की सगळं कृष्णेचं खोरं. ड्युटीला मधे वेळ मिळाला की मी तिथं जाऊन बसायचो. ही बारीक धार पुढं वाईला जाते, माहुलीला वेण्णा मिळते, कराडला कोयना मिळते, सांगलीला जाते आणि तीन राज्यं पुढं ओलांडत आंध्रात समुद्राला मिळते, 1400 किलोमीटर. आपल्या धारा गरम नाहीत, गंधकाच्या नाहीत, गरम झरे घाट उतरून कोकणात, तुरळ, राजवाडी, उन्हवरे इकडं. पण पाण्याची गोष्ट तीच आहे. वरच्या पठारावर जांभा दगड आहे, स्पंजासारखा, पाऊस त्यात मुरतो, खाली काळा कातळ लागला की पुढं जाता येत नाही म्हणून बाजूनं झरा होऊन बाहेर पडतो. म्हणजे वर पठारावर जे कराल तेच खाली गोमुखातून येणार. वर काँक्रीट केलं तर पाणी मुरणार नाही, वर संडासाचे खड्डे कसेही खणले तर ते पाणी इथं उतरणार. 2001 ला केंद्र सरकारनं महाबळेश्वर-पाचगणी भाग इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे निसर्गासाठी जपायचा भाग केला, तो याच्यासाठी पण. लोक ते पाणी तीर्थ म्हणून तोंडात घालतात, लहान पोरांच्या पण घालतात. त्या पाण्याची तपासणी ठरलेल्या तारखेला होऊन तिचा रिझल्ट साध्या मराठीत देवळाबाहेर फळ्यावर लिहिला जावा, एवढं तरी करता येईल. त्यानं देवाला कमीपणा येत नाही. पाणी कुठल्या वाटेनं येतं याचं एक चित्र पण लावा, पोरं उभी राहून बघतील, मी सिरमिओनेला बघितलंय, शाळेची सहल तिथं खाली बसून वह्यांत काढत होती.

आता नवीन महाबळेश्वर. सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यातली सुरुवातीला 235 गावं या प्रकल्पात धरली, एमएसआरडीसीकडे, म्हणजे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे काम आहे. त्यात आमच्या पाहुण्यांची गावं आहेत. मी प्रकल्पाच्या विरोधात नाही आणि डोळे झाकून बाजूनं पण नाही, पोरांना गावात काम मिळालं तर मुंबईला जाऊन धूळ खावी लागणार नाही हे मला कळतं. माझं मागणं एकच आहे. नकाशात हॉटेलला, रिसॉर्टला, पार्किंगला जागा दाखवताय तर एक जागा आजारी माणसाला दाखवा. चाळीस-पन्नास खाटा. फार मोठं काही नको, बसक्या कौलारू इमारती, व्हरांडे लांब, ऊन आत येईल असे, जुन्या सॅनिटोरियमला असायचे तसे. एक डॉक्टर, एक व्यायाम शिकवणारा, दोन नर्स, ऑक्सिजनची सोय. सिव्हिल हॉस्पिटलच्या नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरची चिठ्ठी असली की 12 दिवस राहायचं, ज्याला जमेल त्यानं थोडे पैसे भरायचे, ज्याला नाही जमत त्याचे सरकारी योजनेतून. एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी, कारण दम लागणारा माणूस चढ चढू शकत नाही आणि त्याच्याकडे गाडी नसते. ज्या गिऱ्हाईकांना दुसऱ्याच्या खोकल्याचा त्रास होतो त्यांच्या हॉटेलापासून लांब असलं तरी चालेल, पण हवेच्या बाजूला असावं. आणि हे पठाराच्या वर नको, जिथं झऱ्यांचं पाणी मुरतं तिथं तर नकोच.

पैसे कुठून आणायचे हे मला विचाराल तर मी एवढंच म्हणेन की त्या डोंगरावर जे जे नवीन हॉटेल उभं राहील ते तिथल्या हवेचे आणि पाण्याचेच पैसे घेणार, त्यातला थोडा वाटा त्या हवेची खरी गरज असलेल्या माणसाकडे वळवायला काय हरकत आहे. शिकलेल्या लोकांनी यावर बसून हिशोब मांडावा, मी तिकिटं फाडण्यात आयुष्य काढलेला माणूस, पण हे अशक्य आहे असं मला कुणी सांगितलं तर मी त्या इटालियन म्हाताऱ्याच्या हातातली चिठ्ठी डोळ्यांनी बघून आलोय.

तुमच्या पेपरला एक विनंती. प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांची मुलाखत घ्याल तेव्हा हा प्रश्न विचारा, आजाऱ्यांसाठी किती खाटा. उत्तर येईल ते जसंच्या तसं छापा. आणि आमच्या जावळी-पाटणातल्या, माण-खटावातल्या वाचकांनी आपापल्या घरात असा खोकणारा माणूस असेल तर तुम्हाला लिहून कळवावं, गिरणीतला, माथाडीतला, क्रशरवरचा, चुलीपुढची आई असली तरी. यादी झाली की बोलायला बळ येतं.

पत्र मोठं झालंय हे मला कळतंय, जागा कमी असेल तर किल्ल्याचं, रोमन वाड्याचं, माझ्या नोकरीचं खुशाल कापा. फळ्याचं राहिलं तर बरं. पण खाटांचं कापू नका.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त एसटी वाहक,
सातारा